बसून करायचं काम

वारलू मोहुर्ले चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या बाजारात गेला की ओळखीचं कोणी ना कोणी विचारायचंच, "काऊन गा वारलू, पोरगी हैदराबादले कायचं काम करते?"

वारलू खांद्यावरचा दुपट्टा सारखा करून सांगायचा. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल जे लिहितात ते माझी पोरगी कंप्युटरवर वाचते. कोणता रोग, काय इलाज केला, कुठं चिरलं, कुठं शिवलं, त्या प्रत्येकाला एक ठरलेला नंबर असतो. तो नंबर ती टाकते. नंबर बरोबर पडला तरच तिकडचा इन्शुरन्सवाला दवाखान्याला पैसे देतो.

"म्हंजे डॉक्टरीन झाली का?"

"नाई."

"मंग कंप्युटरवाली?"

"तसंबी नाई गा. मेडिकल कोडिंग म्हंतेत. बसून करायचं काम आहे."

ऐकणाऱ्याला त्यात विशेष काही वाटायचं नाही. वारलूला मात्र सगळं त्या शेवटच्या वाक्यात आल्यासारखं वाटायचं.

दिव्यानी चार वर्षांची होती तेव्हा तिच्या हातापायांची बोटं सुजली. आधी गावातल्या जाणत्याने झाडपाला बांधला, मग मूलच्या डॉक्टरने सुया दिल्या. सूज उतरली, पण पोर दर दोन-चार महिन्यांनी हाडं धरून रडायची. पुढे शाळेत रक्त तपासणारे आले आणि नाव कळलं, सिकलसेल. चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरने वारलूला समजावून सांगितलं की रक्तातल्या पेशी गोल असायला पाहिजेत, हिच्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात, म्हणून दुखतं. थंडी, तहान आणि थकवा यांपासून जपा. हा आजार आई आणि बाप दोघांकडून थोडा थोडा येतो, तेव्हा पोरीला लागतो.

वारलूची आई तोवर जिवंत होती. तिने घरी सगळा दोष सुनेवर, भागीरथावर, टाकला.  उत्तर दिलं ते वारलूने. "अर्धा माहा आहे, बुढे. डाक्टरनं सांगतलं." त्यानंतर त्या घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. धाकटा निकेश तपासला तर तो चांगला निघाला.

मूलकडे धानाचा मुलूख. आषाढात सगळं गाव बांधीत, धानाच्या शेतात, उतरतं. बाया ओळीने वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवतात, वरून पाऊस आणि खाली पोटरीपर्यंत थंडगार चिखल. दिव्यानीच्या वयाच्या पोरी रोवणीच्या मजुरीतून कॉलेजची फी भरायच्या. ती शेताच्या धुऱ्यावर बसून बघायची. बारावीच्या वर्षी हट्टाने उतरली. "मले काय झालं? मी काय मातीची हाये?" म्हणाली. दोन ओळी तिने मैत्रिणींच्या बरोबरीने लावल्या, गाण्याला ओ दिली. त्या रात्रीपासून जे दुखणं सुरू झालं ते चंद्रपूरला रक्ताच्या दोन पिशव्या चढवेपर्यंत थांबलं नाही. परत आल्यावर ती बापाला म्हणाली, "बाबा, मले रोवता येते, पण माह्या हाडायले नाई येत." ते ती हसत म्हणाली होती. वारलू मात्र गोठ्यात जाऊन बैलांपुढे कितीतरी वेळ नुसता उभा राहिला.

तिने मूललाच बीएस्सी केलं. लग्नाची बोलणी आली तशी गेली. वारलू पाहुण्यांना चहा द्यायच्या आधीच आजाराचं सांगून टाकायचा. भागीरथाला ते पटायचं नाही. "चहा तं पिऊ द्या त्यायले," ती म्हणायची. पण लपवून पोर द्यायची नाही, यावर वारलू अडून राहिला.

कोडिंगची वाट रिनाने दाखवली. रिना वरोऱ्याची, दिव्यानीची कॉलेजातली मैत्रीण, मूलला मामाकडे राहून शिकलेली. ती नागपूरला कोडिंगच्या क्लासला लागली होती आणि एका सुट्टीत मामाकडे आली असताना वारलूच्या ओसरीवर बसून सगळं सांगत होती. वारलू जोत्यावर सुंभ वळत बसला होता. अर्धं त्याला कळत नव्हतं. रिना म्हणाली, "काका, एसीत बसून करायचं काम आहे. उठायचं नाई, वाकायचं नाई, वजन उचलायचं नाई." त्याने सुंभ खाली ठेवला. "पुन्हा सांग," म्हणाला.

त्या वर्षीचं धान विकून दिव्यानीची फी भरली. नागपूरला खोली करून ती शिकली. फोनवर ती बापाला हाडांची इंग्रजी नावं म्हणून दाखवायची आणि वारलू "हाव, हाव" करत ऐकायचा. ज्या हाडांनी तिला एवढं छळलं, त्यांची नावं ती इतक्या प्रेमाने घेते, याचं त्याला नवल वाटायचं. अमेरिकेतल्या संस्थेची मोठी परीक्षा होती. रिना पहिल्या खेपेला पास झाली. दिव्यानी ऐन परीक्षेच्या आठवड्यात आजारी पडली, नापास झाली, आणि दुसऱ्या खेपेला पास झाली.

हैदराबादला वारलू स्वतः सोडायला गेला. बल्लारपूरहून गाडी धरली. होस्टेल बघितलं, पलंग दाबून बघितला, खिडकीतून वारा किती येतो ते बघितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या काचेच्या इमारतीपर्यंत गेला. चौकीदाराने त्याला आत सोडलं नाही. तो समोरच्या चहाच्या ठेल्यावर बसून राहिला. दुपारी दिव्यानी गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून खाली आली आणि म्हणाली, "बाबा, आतमंदी लय थंडी हाये."

"मंग?"

"शाल घेऊन बसतो. मॅडम चांगली हाये, तिनं कोपऱ्यातली जागा देल्ली. तिथी एसी लागत नाई."

ही कोपऱ्यातली जागाच दिव्यानीच्या नोकरीतली खरी कमाई होती, आणि तिची किंमतही तिने पुरेपूर मोजली. या धंद्यात पहिला पगार बेताचाच असतो. तिला पंधरा हजार मिळाले, रिनाला थोडे जास्त. पगार वाढतो तो कंपनी बदलल्यावर. दीड-दोन वर्षं एकीकडे काढायची, हात बसला की दुसरीकडे उडी मारायची, असाच तिथला रिवाज. रिनाने दोन उड्या मारल्या आणि तिचा पगार दुप्पट झाला. दिव्यानीनंतर लागलेली पोरंसुद्धा पुढे निघून गेली. दिव्यानी हलली नाही. नव्या ठिकाणी कोपरा मिळेल याची खात्री कोण देणार? तो कोपरा देणारी स्वप्ना मॅडम तेलुगू होती, कडक होती, पण दिव्यानीचे हात दुखतात हे तिला सांगावं लागत नसे. ती गरम पाण्याची बाटली स्वतःच भरून टेबलावर ठेवायची. रिना चिडायची, "अशीच राह्यलीस तं म्हातारी होशील इथीच." दिव्यानी म्हणायची, "होऊ दे ना वो. म्हातारी होणं काय वाईट हाये?"

मग कोरोना आला आणि ऑफिसं बंद पडली. दिव्यानी घरी आली. पाठोपाठ कंपनीची गाडी गावात आली आणि एक कंप्युटर, मोठा पडदा, तारांचं भेंडोळं उतरवून गेली. निकेशने बाजूच्या खोलीत टेबल लावलं, छपरावर इंटरनेटची छत्री बसवली, लाइट गेली तरी काम चालावं म्हणून बॅटरी आणली. आणि वारलूच्या घरातली सगळ्यात सुखाची वर्षं सुरू झाली.

नियम कडक होते. पेशंटचे कागद दुसऱ्या कोणी बघायचे नाहीत, म्हणून काम चालू असताना खोलीत कोणी जायचं नाही. दार बंद असायचं. वारलू दर थोड्या वेळाने कोमट पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवून दारावर बोट वाजवायचा आणि निघून जायचा. परत येऊन रिकामा तांब्या उचलायचा. गावात लोक म्हणायचे, "वारलू ऑफिसचा चपराशी झाला." त्याला ते ऐकून बरंच वाटायचं. भागीरथा चुलीवर भाकरी टाकायची, पोर वेळेवर जेवायची, वेळेवर झोपायची. दुखणं आलं तरी एका गोळीत जायचं. तीन पावसाळे असे गेले. रोज ठरलेल्या कागदांपेक्षा जास्त कागद ती उरकायची, चुका निघायच्या नाहीत, म्हणून पगाराच्या वर थोडं बक्षीस पडायचं. निकेशच्या लग्नात तिने वहिनीला स्वतःच्या पैशाची साडी घेतली आणि सगळ्यांत मिरवली.

पेशंटबद्दल ती कधीच काही सांगत नसे. एकदाच सांगितलं. संध्याकाळी काम संपवून बाहेर आली आणि वारलूजवळ जोत्यावर बसली.

"बाबा, आज एक पोरगी आली होती."

"कुठी?"

"कागदात. नाव नाई सांगत. माह्याच वयाची. तिलेबी सिकलसेल."

वारलू तिच्याकडे बघत राहिला. "अमेरिकेत?"

"हाव. या वर्षात पाचव्यांदा दवाखान्यात आली. दुखणं दहापैकी दहा लिहिलं होतं."

"एवढ्या मोठ्या देशात बरं नाई करत का तिले?"

"काही काही लोक बरे होतेत म्हंतेत, लय मोठा इलाज हाये. सगळ्यायले नाई भेटत." तिने हाताची बोटं चोळली. "मी नंबर टाकला, डी सत्तावन्न. पाठ आहे मले. बाकी सगळे नंबर पुस्तकात पाहून खात्री करतो, हा नाई पाह्यत."

 वारलूने विचारलं, "पाणी पेली का तू?"

ऑफिस पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात काम बदललं होतं. आता कागद वाचून नंबर सुचवायला एक नवीन सॉफ्टवेअर आलं होतं. माणसांनी फक्त ते तपासायचं, आणि म्हणून रोजच्या कागदांची संख्या वाढवलेली. काही जणांना कमी केलं होतं. जे उरले त्यांच्यात दुसऱ्यांच्या चुका काढणारे, म्हणजे ऑडिटर, यांना मान होता आणि पगारही. दिव्यानीला ऑडिटरची जागा देऊ केली, पन्नास हजारांच्या आसपास. अट एकच, हैदराबादला येऊन बसायचं. स्वप्ना मॅडम तोवर नोकरी सोडून गेली होती.

वारलूने साफ सांगितलं, "नोको जाऊ."

"बाबा, मी सहा वर्षं एकाच जागी बसली. माह्या मागून आलेले पोरं मले काम शिकवून राह्यले. आता मले माह्या कामासाठी बोलावून राह्यले, दया म्हून नाई."

"पैसा पुरते आपल्याले."

"पैशाचं नाई म्हणत मी." मग तीच हसली. "म्हंजे पैशाचंबी म्हणतो. काऊन नाई म्हणू? मले बी वाटते, पन्नास हजार कमावून पाहावं."

भागीरथा चुलीपासून म्हणाली, "जाऊ द्या तिले. पोरगी हाये, कोंबडी नोहे डालग्याखाली झाकाले."

ती गेली. घरचं यंत्र तसंच राहिलं. पुढच्या सुट्टीत परत आणून देते, असं तिने कंपनीला कळवलं होतं.

सुरुवातीचे महिने चांगले गेले. व्हिडिओवर ती नवीन स्वेटर दाखवायची. पहिला मोठा पगार झाला त्या दिवशी तिने बापाला फोन केला आणि बराच वेळ काहीच न बोलता नुसती हसत राहिली. वारलूही हसत राहिला. पलीकडून रिना ओरडली, "काका, पार्टी मागा!" दोघी आता एकाच खोलीत राहत होत्या.

जानेवारीत महिनाअखेरीचं काम तुंबलं. नव्या ऑडिटरने रजा कशी मागायची, म्हणून अंगात कणकण असताना ती चार दिवस ऑफिसला गेली. पाचव्या दिवशी सकाळी तिला श्वास घेताना छातीत टोचायला लागलं. रिनाने तिला दवाखान्यात नेलं आणि वारलूला फोन केला. रिना नेहमी "काका" म्हणून सुरू करायची. त्या दिवशी तिने आधी निकेशला फोन द्यायला सांगितलं. तेवढ्यानेच वारलू समजला.

बल्लारपूरच्या स्टेशनवर बाप-लेक पोचले तेव्हा गाडीला वेळ होता. वारलू बाकड्यावर बसला नाही. हैदराबादला दवाखान्यात सगळं चकचकीत होतं. इन्शुरन्स कंपनीचा होता, पैशाचं कोणी विचारलं नाही. दिव्यानीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. तिने बापाला ओळखलं. मुखवटा बाजूला करून म्हणाली, "बाबा, एसी बंद कराले सांगा ना."

वारलू नर्सकडे गेला. नर्सने हिंदीत समजावलं की इथला एसी बंद करता येत नाही, सगळ्या वॉर्डाचा एकच आहे. तिने आणखी एक ब्लँकेट दिलं. वारलूने ब्लँकेटावर स्वतःचा दुपट्टा घातला आणि तिची पावलं दोन्ही हातांत धरून बसला. लहानपणी सूज आली की तो असाच बसायचा. ती पुढे फार बोलली नाही. एकदा "आई कुठी?" म्हणाली. निकेश म्हणाला, "येऊन राह्यली." भागीरथा तेव्हा निकेशच्या बायकोबरोबर गाडीत होती. रक्त बदललं, नळी घातली. भागीरथा पोचायच्या आधी, दुसऱ्या पहाटे, दिव्यानी गेली.

कागद मिळाले ते इंग्रजीत होते. निकेशने ते रिनाकडे दिले. ती भिंतीला टेकून वाचायला लागली आणि वाचता वाचता खाली बसली. जवळच्या बाकावरच्या परक्या बायाही तिच्याकडे बघायला लागल्या. तिला एकेक शब्द कळत होता, हेच वाईट होतं.

"काय लिहिलं हाये बाई?" वारलूने विचारलं.

"छातीत अडकलं, काका. सिकलसेलनं फुप्फुसात अडकलं. त्यायनं सगळं केलं, जे करतेत ते सगळं केलं. चूक नाई कोणाची."

"बरोबर लिहिलं हाये ना?"

रिनाने मान हलवली. "बरोबर हाये."

दिव्यानीला घेऊन गाडी मंचेरियालवरून, राजुऱ्यावरून आली. गावात पोचली तेव्हा उन्हं कलली होती. भागीरथा सगळ्या वाटेत पोरीच्या उशाशी बसून होती, डोक्यावरची चादर पुन्हा पुन्हा सारखी करत. माती देताना ती एकदाच मोठ्याने बोलली. "खाली गार असन," म्हणाली. बायांनी तिला धरलं.

तेरवीनंतर थोड्या दिवसांनी कंपनीतून फोन आला. मुलगा तरुण होता, हिंदीत बोलत होता, आवाज खाली ठेवून. त्याने आधी वाईट वाटल्याचं सांगितलं. पैशाचे, विम्याचे कागद कुठे सही करायचे ते सांगितलं. मग अडखळत म्हणाला की घरी कंपनीचा एक कंप्युटर आहे, तो परत पाठवावा लागेल, घाई नाही.

"भेजता हूं बेटा," वारलू म्हणाला.

निकेश म्हणत होता मी करतो, पण वारलूने ऐकलं नाही. तो त्या खोलीत गेला. नेहमीच्या सवयीने त्याने आधी दारावर बोट वाजवलं, आणि मग कडी धरून तिथेच थांबला. निकेशने त्याला तसंच राहू दिलं. मग वारलूने एकेक तार सोडवून, गुंडाळून, दोरीने बांधली. पडदा ओल्या फडक्याने पुसला. त्याच्या एका कोपऱ्यावर दिव्यानीच्या हळदीच्या बोटाचा डाग होता, तो निघाला तेव्हा त्याला कळलं की आपण काय पुसलं. खोक्यात ठेवताना आदळू नये म्हणून त्याने चारी बाजूंनी तणीस ठासली, नव्या धानाचा स्वच्छ पेंढा.

मूलच्या कुरियरवाल्याने खोकं उघडून बघितलं. "काका, हे काय भरलं? फोम टाका लागते."

"आमी अंडे, काच, सगळं तणशीतच नेतो बापा. फुटत नाई."

कुरियरवाला आणखी काही बोलणार होता. त्याने वारलूच्या तोंडाकडे बघितलं आणि खोकं चिकटपट्टीने बंद केलं. "काय म्हून लिहू? मालक कोण?"

"कंपनी," वारलू म्हणाला. "पाठवणार मी."

परतताना तो बसने आला नाही. पायी आला. घरी पोचला तेव्हा भागीरथा विचारत होती की दुपारी कुठं जेवला, आणि त्याला आठवत नव्हतं.

रिनाचा फोन दर रविवारी यायचा. नंतर तिचं लग्न झालं आणि फोन कमी झाले. लग्नाला वारलू आणि भागीरथा वरोऱ्याला जाऊन आले. नवरीच्या वेशात रिना भागीरथाच्या गळ्यात पडून रडली आणि वऱ्हाडी बाया म्हणाल्या, सासरी जायचं म्हणून रडते आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात शेजारच्या पत्रूची पोरगी वारलूकडे आली. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, धडधाकट आहे, चार घागरी एकदम आणते. ओसरीवर उभी राहून नखं कुरतडत म्हणाली, "काका, दिव्यानीताई जे करत होती ते मले कराचं हाये. कसं कराचं? घरचे म्हंतेत वारलूकाकाले विचार."

आत भागीरथा तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

वारलूने तिला बसायला सांगितलं. आणि मग त्याने सगळं सांगितलं. नागपूरला शीक, पण क्लासवाले नोकरीची हमी देतात त्यावर भाळू नकोस. परीक्षा कठीण आहे, पहिल्यांदा नाही झाली तर दुसऱ्यांदा होते. आधी पगार थोडा असतो, खोलीभाडं देऊन काही उरत नाही, घरी पाठवायची घाई करू नकोस. दोन वर्षांनी कंपनी बदल, एकीला चिकटून राहू नकोस. आता सॉफ्टवेअर आलं आहे, त्याच्यावरचं शिकून घे, नाहीतर काम राहणार नाही. त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की एवढं सगळं आपल्याला माहीत आहे.

"चांगलं काम आहे का काका?"

"चांगलं हाये," वारलू म्हणाला. "जाजो तू."

पोरगी गेली. भागीरथा बाहेर आली, सूप हातातच होतं.

"अवो, काऊन पाठवता लोकायच्या पोरी तिकडं?"

"तिले काई आजार नाई."

"मले ते नाई मालूम. मले फक्त एवढं मालूम हाये का तुमी चांगलं म्हंतलं."

 वारलूजवळ उत्तर होतं, पण ते भागीरथाला सांगता येण्यासारखं नव्हतं. पहिल्या मोठ्या पगाराच्या दिवशी पोरीचं जे हसणं त्याने फोनवर ऐकलं होतं, ते भागीरथाने ऐकलं नव्हतं. ती त्या वेळी बांधीत होती.

भागीरथा त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही. रात्री तिने त्याचं ताट वाढून ठेवलं आणि आपलं घेऊन मागच्या दारात जाऊन बसली. वारलू एकटा जेवला. जेवून उठला, आपलं ताट घासलं, आणि मागच्या दारात जाऊन तिच्यापासून थोडा दूर, पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसला.